व्हय म्हणजे होय नव्हे

आमच्या घरात दुपारी सिरियल लागत नाही, सभागृह लागतं. सून पिरंगुटच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून आली की चप्पल काढता काढताच विचारते, "काय आत्याबाई, तुमच्या बाई बोलल्या का आज?"

"उभ्या ऱ्हायल्या व्हत्या. घंटी मारून बसवलं."

"मग तुमीबी उठा आता. चहा टाका."

अशी आमची रोजची चेष्टा. पण खरं सांगते, त्या घंटीनं माझं डोकं उठतं. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होते तेव्हा पोरं हसत तरी बाहेर पडतात. ही घंटी झाली की माणूस अर्धं वाक्य तोंडात धरून खाली बसतं.

तर ह्या बाई कोण, ते आधी सांगते. त्या आमदार आहेत, पण घरोघर मतं मागत फिरणाऱ्यांतल्या नव्हेत. वरच्या सभागृहातल्या, विधान परिषदेतल्या. बाक विरोधी पक्षाचा. त्याआधी त्या पौडला वकिली करायच्या आणि मी तहसील कचेरीच्या कडेला चहाची टपरी चालवायची. पक्षकार आला नाही की माझ्या बाकड्यावर येऊन बसायच्या, चहा गार होईपर्यंत बोलायच्या. म्हणून आमदार झाल्या तरी आमच्या तोंडी वकीलबाईच. त्या मला मावशी म्हणतात.

टपरी बंद करून आता बरीच वर्षं झाली. गुडघ्यांनी दगा दिला. भरे गावात घरी असते, माडीवरच्या खोल्या कंपनीतल्या मुलांना भाड्यानं दिल्यात, आणि अधिवेशन असलं की मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून बसते. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं वाचायला मी टपरीवर शिकले, लोक अर्ज लिहीत बसायचे ते शेजारून बघत बघत. त्यामुळं सभागृहातलं निम्मं मला कळतं आणि जेवढं कळतं तेवढ्याचाच राग येतो.

वकीलबाई उठायच्या त्या कायम कायद्यावर आणि न्यायावर. रस्त्यावर, पाण्यावर बोलणारे पुष्कळ, त्यांच्यासाठी बाकंही वाजतात. ह्यांचं आपलं कोर्टाचं लावलेलं. तालुक्याच्या कोर्टात बायकांना जायला जागा नाही, त्या दिवसभर पाणी न पिता बसतात, हे बोलल्या. न्यायाधीशांची खुर्ची रिकामी आणि तारखांची वही भरलेली, हे बोलल्या. ताम्हिणीहून एसटीनं साक्षीला आलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत बसवून "आज साहेब रजेवर" असं सांगतात, त्याची मजुरी कोण भरून देणार, हे विचारलं. जामीन मंजूर झालाय पण जामीन राहायला कुणी नाही म्हणून आत बसलेल्यांचं विचारलं. एकेक गोष्ट अशी की ऐकताना मला माझ्या टपरीवरची तोंडं दिसायची.

आणि मंत्री काय म्हणायचे? हात जोडून, साखरेसारख्या आवाजात, "सन्माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केला आहे. माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं काम. पटल म्हणजे काहीतरी मोठं असणार. मग कळलं, पटल म्हणजे टेबल. त्यावर ठेवायचं. ठेवलं की ठेवलं. आमच्याकडं फडताळावर ठेवलेली वस्तू निदान उंदीर तरी येऊन बघतो.

"बाई, तुमी बोलताय आन ते ठेवतायत," मी एकदा फोनवर म्हटलं. "किती दिस चालायचं?"

"मुदत संपेपर्यंत, मावशी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

हे सगळं लांबचं होतं तोवर राग आला तरी जेवण गोड लागायचं. मग ते घरात आलं. माझी धाकटी बहीण ताम्हिणीच्या अलीकडं एका वाडीत दिलेली आहे. नवरा गेला, लेक लग्न करून कोकणात. धाकटी एकटी. वर माळाचा तुकडा, खाली रस्त्याला लागून भाताचं खाचर. त्या खाचरातला इंद्रायणी तिला वर्षभर पुरतो, वर मला पायलीभर येतो. वाटणी कागदावर कधी झाली नव्हती. सासऱ्यानं तोंडी सांगितलं होतं, खाचर थोरल्याचं, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याचं, माळ त्याच्या भावाचा, आणि तसंच चाललेलं. आता त्या रस्त्यावरनं शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते. पुण्याच्या कुणालातरी तिथं ढाबा काढायचाय. धाकटीच्या दिराला एकदम कागदावरची वाटणी आठवली. आता उलट, खाचर त्याला आणि माळ वहिनीला.

ह्या वाटणीची खात्री करायला सर्कल आले. सर्कल म्हणजे तलाठ्याच्या वरचा साहेब. देवळात बैठक झाली. साहेबांनी उभं राहून कागद वाचला. सदर क्षेत्र, अमुक गट, तमुक हिस्सा, ही असली भाषा. धाकटी खाली मान घालून बसली होती आणि प्रत्येक वाक्याला म्हणत होती, "व्हय." पुढचं वाक्य. "व्हय." शेवटी तिच्यापुढं कागद आला. ग्रामसभेला हजेरीची सही करतात तशी तिनं सही केली आणि घरी येऊन भाकऱ्या टाकल्या.

पुढं दिरानं येऊन सांगितलं, "वैनी, औंदापास्नं खाचरात उतरू नगा. तुमी देवळात व्हय म्हणलाय."

"मी कवा म्हणले?"

"आता गं बया! समद्या वाडीनं ऐकलं की."

आणि वाडीनं खरंच ऐकलं होतं. कागदावरही होतं, की वाटप वाचून दाखविले असता त्यांनी होय, मान्य आहे असे सांगितले. धाकटी एसटी पकडून माझ्याकडं आली, दारातच बसली. मी आधी तिलाच झापलं. "म्हणलीच कशाला व्हय?" तर माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी विचारतेय की श्वास कशाला घेतलास.

वकीलबाई त्या आठवड्यात पिरंगुटला एका कार्यक्रमाला येणार होत्या. मी त्यांना जेवायला बोलावलं. पिठलं-भाकरी आणि भात, त्यांना आवडतं म्हणून. जेवता जेवता त्यांनी धाकटीला सगळं समजावलं. हा जबाब म्हणजे काय, त्यावर अपील कुठं करायचं, प्रांतसाहेब म्हणजे सर्कलच्या वरच्याचा वरचा, त्यांच्यापुढं काय सांगायचं, तोवर स्थगिती कशी मागायची. अगदी सोपं करून, हळूहळू. धाकटी ऐकत होती.

"व्हय… व्हय… व्हय…"

वकीलबाई खूश. "मावशी, तुमची बहीण भलतीच हुशार आहे हो. मोठमोठ्या पक्षकारांना तीन तीनदा सांगावं लागतं." मग तिच्याकडं वळून, "चला तर मग. करायचं ना?"

"काय करायचं?" धाकटी म्हणाली.

"अहो, अपील! आत्ता सांगितलं की एवढं."

"मला काय कळलं न्हाई, बाई."

"मग इतका वेळ हो हो कशाला म्हणत होतात?"

"मी ऐकत व्हते."

"ऐकत होतात, पण हो का म्हणालात?"

आता धाकटीच चिडली. "तुमी जेवायचं सोडून माज्याशी बोलताय, आन मी दगडावानी गप बसू व्हय? वाईट दिसतं ते!"

सून खो खो हसायला लागली. मलाही हसू आवरेना. वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "सर्कल वाचत होते, तेव्हाही असंच?"

"मंग? साहेबमाणूस, उभ्यानं वाचतुया. हुंकार तरी द्याया नगं का?"

माझं हसू तिथंच विरलं. शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं, आम्हाला कधी सांगावंच लागलं नव्हतं. आमच्याकडं कुणी गोष्ट सांगत असलं, गाऱ्हाणं सांगत असलं, तर समोरच्यानं व्हय द्यायचा असतो. दिला नाही तर सांगणारा थांबून विचारतो, झोपलीस का? कबुलीशी त्याचा काही संबंध नाही. 'तुमचं चालू द्या, मी हाय हितं', एवढाच त्याचा अर्थ. कबूल असेल तर बाई वेगळं बोलते. "चालंल," म्हणते, नाहीतर "माजी काय ना न्हाई," म्हणते. सर्कल परगावचे. त्यांनी व्हय ऐकला आणि होय लिहिला. लबाडी केली असं मी म्हणणार नाही. दिरानं मात्र ओळखलं होतं. तो त्याच वाडीत वाढलेला.

वकीलबाई हात धुऊन आल्या त्या फोनवर बोलतच. त्यांच्या हाताखालच्या तरुण वकिलाला अपील तयार करायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "पावसाळी अधिवेशनात एक विधेयक येतंय, महसुली सुनावण्या झटपट उरकायचं. मी त्यात सुधारणा मांडते. जबाब देणाऱ्याच्या तोंडच्या बोलीत लिहावा, आणि मान्य आहे का हा प्रश्न वेगळा विचारून त्याचं उत्तर वेगळं लिहावं. दोन ओळींची आहे. बघू कसे नाकारतात."

त्या गेल्यावर धाकटी मला म्हणाली, "आक्का, म्हंजी मुंबईच्या सभेत निकाल लागल का?"

"सभेत निकाल न्हाई लागत, येडे. कायदा व्हतो."

"तेच की. रोप तयार व्हईस्तवर व्हईल न्हवं?"

तिनं परसात भाताचं रोप टाकलं होतं. खाचर कुणाचं ते ठरायचं होतं, पण रोप टाकायचा दिवस थांबत नाही. मी म्हटलं, व्हईल. मला तरी काय माहीत.

विधेयक आलं त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की मोबाइलवरचं चित्र सारखं गोठायचं. सूनही घरी होती, डब्यापाशी येऊन बसली. वकीलबाईंचा नंबर सगळ्यांत शेवटी. तोवर बाकं रिकामी होत आलेली. जे होते ते कागद चाळत होते, कुणी मोबाइलमध्ये, कुणी शेजाऱ्याशी.

"सभापती महोदय," बाई म्हणाल्या, "माझ्या मुळशी तालुक्यात बाई व्हय म्हणते तेव्हा ती मान्य करत नसते. ती ऐकत असते." आणि धाकटी कशी मान खाली घालून बसते, ते त्यांनी करून दाखवलं. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. पण इतकं हुबेहूब केलं की माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून एक सदस्य ओरडले, "व्हय म्हणजे होयच हो ताई! लग्नात नाही का म्हणालात?"

हशा. बाकं वाजली.

वकीलबाईंनी हातातला कागद खाली केला. "सन्माननीय सदस्यांना आठवण करून देते, आपल्या लग्नात नवरीला कुणी काही विचारतच नाही. अंतरपाट धरतात आणि तांदूळ टाकतात. त्या सर्कलनंही तेच केलं!"

आता तर सभागृह हशानं दणाणलं. सभापतीही हसले. सून टाळ्या वाजवायला लागली, "लई भारी, आत्याबाई!" मीही वाजवल्या. आणि त्या हशातच घंटी झाली. "सन्माननीय सदस्या, आटोपतं घ्या." हसण्यातच सगळा वेळ गेला. सुधारणेच्या दोन ओळी का हव्यात हे सांगायचं राहूनच गेलं. पुन्हा घंटी.

मंत्री उठले. साखर तीच. "सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे. नियम करताना निश्चितपणे विचार करण्यात येईल. सबब सुधारणा मागे घ्यावी, अशी विनंती आहे."

"मी मागे घेत नाही," बाई म्हणाल्या.

मी इकडं कपाळाला हात लावला. अहो, माणूस विनंती करतोय, गोड बोलतोय, घ्या की मागं, उद्या त्याला आठवण तरी देता येईल! पण नाही. सभापतींनी सुधारणा मताला टाकली. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. चार-दोन आवाज आले, त्यांत बाईंचा मोठा. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. "नाही," समोरून एकदम. पडली. मग लगेच मूळ विधेयक. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. आणि मी ह्या डोळ्यांनी बघितलं, एक जण पाण्याचा ग्लास तोंडाला लावलेला, तो बाजूला करून "होय" म्हणाला आणि पुन्हा लावला. दुसऱ्यानं मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. होयचे बहुमत. विधेयक संमत.

ह्यांचं होय चालतं! ह्यांना कुणी विचारलं का, तुम्ही काय ऐकलं म्हणून? माझी धाकटी निदान ऐकत तरी होती.

मी फोन लावला तो त्यांनी खूप उशिरा उचलला. "बाई, मागं का नाही घेतली? आता तर पडलीच."

"मावशी, मागे घेतली तर ती मी मांडलीच नव्हती, असं होतं. पडली तर पाडली असं लिहिलं जातं. कुणी मांडली होती तेही."

"लिहून काय लोणचं घालायचं?"

त्या म्हणाल्या, "माझ्या हातात तेवढंच असतं हो." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला पुढं भांडता येईना. चिडचिड मात्र तशीच राहिली, काचेआड माशी अडकावी तशी.

पुढचं तर त्याहून वाईट. लग्नाचा तो तुकडा कुणीतरी कापून मोबाइलवर सोडला. 'वकीलबाईंचा सणसणीत टोला', वर हसऱ्या तोंडांची रांग. महाळुंग्याच्या माझ्या भाचीला आला, तिनं मला पाठवला. माडीवरच्या मुलांना आला. तुकड्यात टोला होता, तांदूळ होते, टाळ्या होत्या. सुधारणा नव्हती. कोणी कशाबद्दल बोलत होतं त्याचा पत्ताच नव्हता.

वाडीत मात्र सगळ्यांना पत्ता होता. रेशनच्या दुकानात धाकटी रांगेत उभी राहिली की मागून कुणीतरी बारीक आवाजात, "व्हय… व्हय…" दीर तर खवळलाच. म्हणे घरची अब्रू मुंबईत नेऊन मांडली. धाकटीनं सगळा राग माझ्यावर काढला.

"तुला कुणी सांगितलं व्हतं मला सभेत न्यायला?"

"अगं, तुज्यासाठीच बोलल्या त्या."

"मला खाचर पायजे व्हतं. टाळ्या न्हाई."

आणि त्या दिवसापासून तिनं व्हय म्हणायचं सोडलं. फोनवर मी बोलतेय, बोलतेय, पलीकडं काही नाही. पावसाचा आवाज तेवढा. मी विचारायची, "हायेस का?" ती म्हणायची, "हाय." पुन्हा मी बोलायची, पुन्हा तसंच. माझं बोलणंच आटून जायचं. जन्मभर तिच्या व्हयवर मी बोलत आले, ते मला तेव्हा कळलं. मी चिडून फोन ठेवायची. आणि ती शेवटी एकच सांगायची, "रोप वर आलंय, आक्का. फार दिस थांबणार न्हाई."

प्रांतांपुढं सुनावणी लागली तेव्हा अधिवेशन चालूच होतं, वकीलबाई मुंबईत. त्यांचा तरुण वकील आमच्या बाजूनं होता, दिराचा वकील दुसरीकडं. प्रांतसाहेब वाईट नव्हते, घाईत होते. टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी धाकटीला विचारलं, "बाई, देवळात तुम्हाला वाटप वाचून दाखवलं होतं?"

धाकटी गप्प.

"तुम्ही होय म्हणालात, असं लिहिलंय. खरं का?"

गप्प. ओठ असे मिटलेले, जणू आत पाणी धरलंय. मी मागून म्हटलं, "साहेब, ती भ्यालीय, तिला—"

"तुम्ही मधे बोलू नका, आजी. बाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत तर मला आधीचा जबाब कायम धरावा लागेल."

बघा म्हणजे! बोलली तर होय, नाही बोलली तरी होय. मला वाटलं उठून ओरडावं. तेवढ्यात धाकटीनं मान वर केली.

"साहेब, माजं खाचर माज्याकडं ऱ्हाऊ द्या. माळावर भात येत न्हाई."

इतकंच. मला वाटलं, ह्याहून सरळ कुणी काय सांगावं? साहेबांनी मान हलवली आणि शेजारच्या टंकलेखकाला सांगायला लागले, "अपिलार्थीचे म्हणणे असे की, सदर वाटप असमान असून त्यास त्यांची हरकत आहे." टक टक टक, झालं. तिचं वाक्य पुन्हा गेलं. माळ गेला, भात गेला, 'असमान' आलं. मी तरुण वकिलाच्या कोपराला धरलं, "अहो, ती असं नाही म्हणाली." तो कुजबुजला, "आजी, हे आपल्या फायद्याचंच आहे." असेलही. पण तिच्या तोंडचं नव्हतं, आणि बाई त्या सभागृहात ह्याच्यासाठीच घसा कोरडा करत होत्या.

हुकूम झाला, पुढील तारखेपर्यंत जैसे थे.

बाहेर पडवीत धाकटीनं विचारलं, "जैसे थे म्हंजी लावायचं का न्हाई?"

आमचा वकील म्हणाला, "लावू शकता. ताबा तुमचाच आहे." दिराचा वकील जाता जाता म्हणाला, "पाऊल टाकलंत तर हुकमाचा भंग होईल, लक्षात ठेवा." दोघं एकाच कागदावरनं बोलत होते. मी वकीलबाईंना फोन लावला. मागं सभागृहाचा कालवा ऐकू येत होता.

"ती आजवर लावत आली ना? मग जैसे थे म्हणजे तिनं लावावं," त्या म्हणाल्या. "हे वकील म्हणून सांगते. आमदार म्हणून विचाराल तर मी ह्यावरही प्रश्न टाकलाय, पेरणीच्या दिवसांत असे मोघम हुकूम का देतात म्हणून. उद्या यादीत आहे."

दुसऱ्या दिवशी मी डब्याला मोबाइल लावून बसले. कुठल्याशा वेगळ्याच कारणावरून दोन्ही बाजू सभापतींपुढच्या हौद्यात उतरल्या, घोषणा झाल्या, कागद उडाले. कामकाज तहकूब. बाईंच्या प्रश्नाचा नंबर आलाच नाही. आणि वकीलबाईंच्या मुदतीचं ते शेवटचं पावसाळी अधिवेशन. पुन्हा तिकीट मिळेल असं कुणी म्हणत नाही. मी मोबाइल पालथा घालून ठेवला.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "आक्का, उद्या लावते मी."

"वकील काय म्हणला आठवतंय न्हवं? त्यांचा?"

"रोपाला वकील न्हाई. तू येती का न्हाई?"

मी गेले. सून ओरडली, "आत्याबाई, गुडघे बघा, वय बघा!" उंबरा ओलांडता ओलांडता मी तिला सांगितलं, डाळ भिजत घातलीय.

एरवी वाडीत लावणीला बायका एकमेकींच्या खाचरात जातात, गाणी म्हणतात, दुपारी एकत्र जेवतात. ह्या वेळी एकही आली नाही. दिराशी वैर कोण घेणार? चिखलणी तिनं शेजारच्या म्हाताऱ्याच्या बैलांवर कशीबशी उरकून घेतली होती. खाचरात आम्ही दोघीच, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, पोटऱ्यांपर्यंत गाळ. घाटाकडून पाऊस आडवा येत होता. माझे गुडघे आत गेले की बाहेर यायला तयार नसायचे. मी कण्हायची, ती काढायची.

थोड्या वेळानं दीर आला. बांधावर छत्री धरून उभा राहिला, एका हातात मोबाइल.

"वैनी, शूटिंग चालू हाय बरं का. प्रांताला दावणार हाय."

"दावा की," धाकटी खाली वाकल्या वाकल्या म्हणाली. "नीट धरा. पान्याचा थेंब बसलाय त्याच्या डोळ्यावर, पुसा आदी."

त्यानं खरंच मोबाइल सदऱ्याला पुसला. मला राहवेना. "भावजी, माजंबी येऊ द्या त्यात. मी येवढी वर्सं सभा बघती, पर कदी दिसले न्हाई."

छत्री वाऱ्यानं उलटी झाली, ती त्यानं सरळ केली. मग पुन्हा आमच्यावर मोबाइल धरून उभा. खाली उतरून अडवायची हिंमत त्यालाही होत नव्हती, आणि जायलाही तयार नव्हता. जैसे थे त्याला तरी कुठं कळलं होतं.

धाकटीनं पाठ सरळ केली. "आक्का, तारीक कवाची हाय?"

मी सांगितली.

"तवर रोपाला फुटवे येत्याल," ती म्हणाली. "मग साहेबाला म्हणावं, हितं येऊन बघ आन काय दिसतंय त्ये लिव."

निम्मं खाचर राहिलं होतं. तिनं रोपाची एक मूठ मला दिली, एक स्वतः घेतली, आणि आम्ही पुन्हा वाकलो.